ऊसतोडीच्या वाटेवर तापणारा ट्रॅक्टर

दसरा झाला की बीड जिल्ह्यातल्या पाटोदा, शिरूर कासार, आष्टी, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतून ट्रॅक्टर बाहेर पडू लागतात. मागे एक नाहीतर दोन ट्रॉल्या. ट्रॉलीत चूल-भांडी, पत्रे, ताडपत्र्या, बाजरीची पोती, शेळ्या, कोंबड्या आणि त्या सगळ्यावर बसलेली माणसं नि लेकरं. कुणाची टोळी सांगलीला, कुणाची कोल्हापूरला, कुणाची थेट बेळगावकडे. तीनशे-साडेतीनशे किलोमीटरची वाट ताशी वीस-पंचवीसच्या वेगाने कापायची असते. पोचल्यावर चार-पाच महिने तोच ट्रॅक्टर फडातून कारखान्याच्या काट्यापर्यंत ऊस ओढतो, आणि शेवटी त्याच वाटेने घरी परततो.

यातले बरेच ट्रॅक्टर दहा-पंधरा वर्षं वापरलेले असतात. निघण्याआधी मालक टायर बघतो, ऑइल बदलतो, नारळ फोडतो. पाण्याकडे मात्र बघायचं ते एवढंच, की रेडिएटर भरलेला आहे ना. 'शेतात चालतोय की दिवसभर, मग रस्त्यावर काय होतंय?' असा हिशेब असतो. तो हिशेब चुकीचा आहे. शेतात नांगर ओढताना बांध आला की ट्रॅक्टर वळतो, क्षणभर भार उतरतो, इंजिनाला श्वास मिळतो. भरलेल्या ट्रॉल्या घेऊन मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट चढताना तसा विसावा कुठेच नसतो. शेतात निम्म्या ताकदीने काम करणारी थंड करण्याची यंत्रणा वर्षानुवर्षं निभावून नेते, आणि तिची उरलेली निम्मी ताकद गेलेली आहे हे घाटातच कळतं. म्हणून तपासणी करायची ती त्या घाटासाठी करावी.

आधी उष्णता येते कुठून ते बघू. एक लिटर डिझेल जळलं की साधारण ३६ मेगाज्यूल उष्णता निघते. ओढ असताना ट्रॅक्टर तासाला ६ लिटर डिझेल जाळत असेल, तर ती सुमारे ६० किलोवॉट उष्णता झाली. त्यातला जेमतेम तिसरा हिस्सा चाकांकडे काम म्हणून जातो. मोठा वाटा सायलेन्सरमधून धुराबरोबर निघून जातो, काही इंजिनाच्या अंगावरून हवेत जातो, आणि १५ ते २० किलोवॉट एवढी उष्णता पाण्यात उतरते. घरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. तसे आठ-नऊ गिझर इंजिनातल्या आठ-दहा लिटर पाण्यात एकाच वेळी चालू आहेत आणि घाट संपेपर्यंत बंद होणार नाहीत, अशी ती अवस्था आहे. घाटात पूर्ण जोर लागला की डिझेलचं प्रमाण वाढतं आणि गिझरही वाढतात. पंखा थांबला तर हे पाणी उकळायला काही मिनिटं पुरेशी होतात.

ही सगळी उष्णता शेवटी हवेला द्यायची असते. पाणी ही नुसती वाहतूक आहे. उष्णता इंजिनातून उचलायची आणि रेडिएटरच्या जाळीत नेऊन हवेच्या स्वाधीन करायची. जाळीतून जाताना हवा ३० अंशांनी तापते असं धरलं, तर १८ किलोवॉट उष्णता नेण्यासाठी दर सेकंदाला सुमारे अर्धा घनमीटर हवा जाळीतून आरपार गेली पाहिजे. मोटारीला हमरस्त्यावर ही हवा वेगामुळे आपोआप मिळते. ट्रॅक्टरला मिळत नाही. ताशी २० किलोमीटरने जाताना समोरून येणारं वारं किरकोळ असतं, आणि त्याच वेगाने पाठीमागून वारा वाहत असेल तर तेही उरत नाही. चढावर वेग ताशी दहावर येतो, तेव्हा डिझेल सर्वांत जास्त जळत असतं आणि वारं सर्वांत कमी असतं. त्या वेळी जी हवा फिरते ती पंख्याने ओढलेली, आणि पंखा फिरतो इंजिनाच्या फेऱ्यांवर. लांबच्या ओढीची तयारी म्हणजे या अर्ध्या घनमीटर हवेच्या वाटेतला प्रत्येक अडथळा काढणं. बाकीची कामं त्यानंतर येतात.

अडथळे शोधायला ट्रॅक्टरच्या समोर उभं राहावं. बंपरवर बांधलेला पाण्याचा कॅन, जाळीपुढे लावलेली नावाची पाटी, मोठा भोंगा, गुंडाळलेला दोर, कुणाची तरी पिशवी. नवा ट्रॅक्टर आणला तेव्हा हे काहीच नव्हतं, आणि कंपनीने रेडिएटर ठरवला तो पुढची वाट मोकळी धरून. पाटी हवीच असेल तर टपावर किंवा मडगार्डवर लावावी. मग पुढची जाळी काढून टॉर्च घ्यावा. एका बाजूने प्रकाश टाकून दुसऱ्या बाजूने बघितलं की फटींतून उजेड किती येतो यावरून सगळं समजतं. एक हंगाम केलेल्या ट्रॅक्टरमध्ये बहुतेक वेळा खालच्या निम्म्या भागातून उजेड येतच नाही. उसाच्या पाचटाचे बारीक तुकडे, कुसळं, किडे, आणि या सगळ्याला धरून ठेवणारा तेलकट धुरळा तिथे बसलेला असतो. इंजिनाच्या ब्रीदरमधून येणारी तेलाची वाफ किंवा गळणारं सील हे या चिकटपणाचं मूळ. ते बंद केलं नाही तर धुतलेली जाळी महिनाभरात पुन्हा भरते.

धुण्याची दिशा महत्त्वाची आहे. पंखा हवा समोरून आत ओढतो, म्हणून कचराही समोरून आत रुतलेला असतो. पाणी पंख्याच्या बाजूने समोरच्या दिशेला मारायचं, म्हणजे तो आला त्या वाटेने निघतो. समोरून जोरात फवारा मारला की तो आणखी खोल जातो, आणि सर्व्हिसिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने फिन्स, म्हणजे जाळीतल्या पातळ पट्ट्या, वाकून हवेची वाट कायमची बंद होते. थंड रेडिएटरवर साबणाचं पाणी शिंपडून अर्धा तास भिजू द्यावं आणि साध्या नळीने, फिन्सच्या सरळ रेषेत, सावकाश धुवावं. वाकलेल्या फिन्स पातळ पट्टीने हलक्या हाताने सरळ करता येतात. या पातळ फटींवरच सगळं अवलंबून आहे हे मोटारीच्या इतिहासात फार लवकर कळलं होतं. १९०१ साली पहिल्या मर्सिडीज मोटारीसाठी विल्हेल्म मायबाख यांनी केलेल्या रेडिएटरमध्ये ६ मिलिमीटर चौकोनाच्या ८,०७० नळ्या होत्या. हवेला जितकं जास्त पृष्ठ, तितकं पाणी थंड. तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही.

पंख्याभोवती पत्र्याचं किंवा फायबरचं जे गोल आवरण असतं ते जुन्या ट्रॅक्टरांत तुटलेलं किंवा काढूनच टाकलेलं दिसतं. मिस्त्रीला बेल्ट बदलताना ते आड येतं, म्हणून एकदा काढलं की परत बसत नाही. त्याचं काम मोठं आहे. ते नसेल तर पंखा रेडिएटरच्या मधल्या गोल भागातूनच हवा ओढतो, कोपरे कोरडे राहतात, आणि बाजूने इंजिनाकडची तापलेली हवाच परत पंख्यात येते. ते मिळवून बसवावं. मिळत नसेल तर पत्र्याच्या दुकानातून करून घ्यावं, पंख्याच्या पात्याला लागणार नाही एवढी फट ठेवून. वॉटर बॉडीचं, म्हणजे पाण्याच्या पंपाचं, काम झाल्यावर पंखा उलटा बसवला गेला नाही ना, हेही एकदा बघावं. उलटं बसलेलं पातं हवा ओढतं त्याच बाजूला, पण खूप कमी.

फॅन बेल्टबद्दल लोक म्हणतात, 'तुटला नाही म्हणजे चांगला आहे.' तसं नसतं. व्ही आकाराचा बेल्ट पुलीच्या दोन्ही कडांना घट्ट धरून ओढतो. झिजून तो पुलीच्या तळाला टेकला की घसरतो, आणि घसरतो तोही भार असताना, म्हणजे नेमका घाटात. त्याचा आतला भाग आरशासारखा चकचकीत झाला असेल, आडव्या भेगा असतील किंवा पुलीच्या तळाला लागल्याच्या खुणा असतील, तर नवा घालावा आणि जुना बरा असेल तर जवळ ठेवावा. दोन पुलींच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर साधारण १० ते १२ मिलिमीटर खाली गेला की ताण ठीक. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात असतो. याहून आवळला तर वॉटर बॉडीचं बेअरिंग जातं. वॉटर बॉडी तपासायची सोपी रीत म्हणजे बेल्ट काढून पंखा धरून पुढे-मागे हलवणं. खेळ जाणवला तर बेअरिंग संपलं. तिच्या पोटाखाली एक बारीक भोक असतं, सील गेलं की पाणी तिथून ठिबकतं. काही लोक ते भोक एमसीलने बुजवतात. मग ते पाणी बेअरिंगमध्ये जातं, आणि एके दिवशी बेअरिंग मोडून पंखा पुढे सरकतो, थेट रेडिएटरच्या जाळीत. ते भोक धोक्याची सूचना देण्यासाठीच ठेवलेलं आहे.

आता पाणी. इथे थोडं थांबावं लागेल, कारण मराठवाड्यातल्या जुन्या ट्रॅक्टरांचं सर्वांत जास्त नुकसान पाण्यानेच केलेलं आहे. बोअरचं पाणी जड असतं. त्यात विरघळलेले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार तापल्यावर पाणी सोडतात आणि सर्वांत गरम जागेवर जाऊन बसतात. सर्वांत गरम जागा म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या नळकांड्याच्या, म्हणजे लायनरच्या भोवती आणि हेडमधल्या व्हॉल्व्हच्या आसपास. जिथून उष्णता सर्वांत आधी उचलायला हवी, नेमकी तिथे. एक मिलिमीटर जाडीचा क्षाराचा थर उष्णतेला बिडाच्या दोन-अडीच सेंटिमीटर जाडीइतका अडवू शकतो. मग विचित्र प्रकार घडतो: मीटर ठीक दाखवतो, रेडिएटर फार गरम लागत नाही, आणि तरी पिस्टन चिकटू लागतो. उष्णता पाण्यापर्यंत आलेलीच नसते.

साध्या पाण्याचा दुसरा घाव डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक ट्रॅक्टर इंजिनांत लायनर ओले असतात, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या अंगाला पाणी थेट लागून वाहतं. प्रत्येक स्फोटाबरोबर पिस्टन लायनरवर आदळतो आणि लायनर सूक्ष्म कंप पावतो. त्या कंपामुळे पाण्यात बारीक बुडबुडे तयार होतात आणि त्याच क्षणी फुटतात. फुटताना ते धातूचा कण काढून नेतात. हजारो तासांत तिथे सुईच्या टोकाएवढी छिद्रं पडतात आणि एखादं आरपार जातं. कूलंटमध्ये असलेली रसायनं धातूवर पातळ संरक्षक थर धरतात, त्यामुळे हा मारा बराच थोपवला जातो. आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, असं विचारणाऱ्याला हेच उत्तर आहे. गंज आणि क्षार रोखणं, लायनर वाचवणं आणि उकळण्याचा बिंदू वर नेणं ही त्याची इथली कामं. निम्मं कूलंट-निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०६-१०७ अंशांना उकळतं. उष्णता वाहून नेण्यात मात्र शुद्ध पाणीच सरस, म्हणून कूलंट निम्म्याहून जास्त घालण्यात फायदा नाही. पुस्तकात दिलेलं प्रमाण पाळावं. डब्यावर 'पाणी मिसळू नये' असं लिहिलेलं असेल तर ते तयार मिश्रण आहे, त्यात बोअरचं पाणी घातलं तर पैसे वाया. तीव्र कूलंट असेल तर बॅटरीसाठी मिळणारं डिस्टिल्ड वॉटर वापरावं. रंगावर जाऊ नये. हिरवा, लाल, निळा हे प्रत्येक कंपनीचे आपापले रंग आहेत, आणि वेगवेगळ्या जातीची कूलंट एकत्र केली तर गाळ धरू शकतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी असतं. रेडिएटर रिकामा करताना ते घमेल्यात सांडून ठेवलं आणि शेळीने, बैलाने किंवा लहान मुलाने तोंड लावलं तर जिवावर बेतू शकतं. झाकणाच्या कॅनमध्ये भरून, नाव लिहून, मुलांच्या हातापासून लांब ठेवावं.

जुनं पाणी काढताना रेडिएटरचा कॉक उघडून काम संपत नाही. इंजिनाच्या ब्लॉकला बाजूने वेगळा कॉक किंवा प्लग असतो. तो उघडल्यावर बऱ्याचदा काहीच येत नाही, कारण आतून गाळाने बुजलेला असतो. तार घालून मोकळा करावा लागतो, आणि मग तांबड्या चिखलासारखं जे बाहेर येतं ते बघितलं की इतके दिवस इंजिन कसं चाललं याचं नवल वाटतं. क्षार जास्त असेल तर लिंबूसत्त्वाचं, म्हणजे सायट्रिक ॲसिडचं सौम्य द्रावण किंवा बाजारात मिळणारं रेडिएटर फ्लश वापरता येतं. फरशी धुण्याचं ॲसिड कधीही घालू नये. ते क्षाराबरोबर ॲल्युमिनियम, सांध्यांचा डाग (सोल्डर) आणि सीलही खातं. रेडिएटर पितळी असेल आणि आतून चोंदला असेल, तर रेडिएटरवाल्याकडे टाकी उघडून नळ्यांतून सळया फिरवून घेणं हा खरा उपाय. हे रॉडिंग करणारे कारागीर महामार्गांवरच्या गावांत अजून आहेत आणि जुन्या रेडिएटरला ते पुन्हा उभं करतात.

ही सफाई निघण्याच्या आदल्या दिवशी करू नये, असं मी आग्रहाने सांगेन. क्षार निघाला की त्याने बुजवलेल्या गळत्याही मोकळ्या होतात. पंधरा-वीस दिवस आधी करावी, म्हणजे जे गळायचं ते गावात गळेल.

रेडिएटरचं झाकण हा छोटा, स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. त्यात एक स्प्रिंग आणि दोन व्हॉल्व्ह असतात. एक दाब धरून ठेवतो, दुसरा इंजिन थंड होताना हवा किंवा पाणी परत आत येऊ देतो. दाब वाढला की पाणी उशिरा उकळतं. झाकणावर ०.५ लिहिलेलं असेल तर पाणी साधारण १११ अंशांना, ०.९ असेल तर ११८-११९ अंशांना उकळेल. रबर चिरलेलं असेल तर तेच पाणी शंभरालाच उकळून बाहेर येतं. पुस्तकात जो आकडा आहे त्याच आकड्याचं झाकण घ्यावं. जास्त दाबाचं लावून फायदा होत नाही, जुन्या रेडिएटरचे सांधे मात्र फुटतात. बाजूला प्लॅस्टिकची बाटली नसलेला ट्रॅक्टर असेल तर गळ्यापर्यंत काठोकाठ भरू नये. १० लिटर पाणी ३० अंशांवरून ९० अंशांपर्यंत तापलं की सुमारे ३०० मिलिलिटरने फुगतं. तेवढी जागा नसेल तर ते बाहेर फेकलं जातं आणि मालक म्हणतो, 'ट्रॅक्टर पाणी खातो.'

थर्मोस्टॅटबद्दलचा गैरसमज फार पसरलेला आहे. इंजिन तापतं म्हटलं की मिस्त्री पहिल्यांदा तो काढून फेकतो. थर्मोस्टॅटमध्ये मेणाची एक कुपी असते. ठरलेल्या तापमानाला मेण वितळून फुगतं आणि रेडिएटरची वाट उघडतं. बऱ्याच इंजिनांत तोच थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तो नसेल तर काही पाणी रेडिएटरला न जाता त्या आडवाटेनेच इंजिनात फिरत राहतं, आणि भार आला की इंजिन आधीपेक्षा जास्त तापतं. भार नसताना मात्र ते थंडच राहतं. डिझेल नीट जळत नाही, ऑइल लवकर काळं पडतं, लायनर झिजतात. तपासणी घरच्या घरी होते. पातेल्यात पाणी घेऊन थर्मोस्टॅट दोऱ्याने लोंबकळत ठेवावा, तापमापी बुडवावी आणि गरम करावं. त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या आसपास तो उघडायला लागला आणि आणखी दहा-पंधरा अंशांत पूर्ण उघडला तर चांगला. नाहीतर नवा घालावा; घाटातल्या एका रात्रीपेक्षा तो कितीतरी स्वस्त पडतो.

होज पाइप दाबून बघायचे: मऊ पडलेला, फुगलेला किंवा टोकाला चिरलेला बदलायचा. खालच्या पाइपमध्ये पंपाची ओढ असते. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर इंजिन वाढवल्यावर तो चपटा होतो, पाणी अडतं. उभ्या ट्रॅक्टरमध्ये काहीच कळत नाही, म्हणून कुणाला तरी इंजिन वाढवायला सांगून तो बघावा.

आता सर्वांत त्रासदायक शक्यता. वरचं सगळं करूनही पाणी कमी होत असेल आणि बाहेर कुठे ओल दिसत नसेल, तर ते आत जात आहे. थंड इंजिन झाकण उघडं ठेवून चालू करावं. पाण्यात सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅसकेटमधून जळका वायू पाण्यात शिरतोय. सकाळी, रात्रभर उभ्या असलेल्या इंजिनाचा ऑइलचा ड्रेन प्लग थोडासाच सैल करावा. पाणी तेलापेक्षा जड असल्याने तळाशी बसतं आणि आधी तेच ठिबकतं. तसं झालं तर लायनरच्या रबर रिंगा गेल्या असतील किंवा लायनरला छिद्र असेल. असा ट्रॅक्टर घेऊन निघू नये. मला कल्पना आहे की हे बोलायला सोपं आहे. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, टोळी तयार असते, तारीख ठरलेली असते. पण असं इंजिन घाटात थांबलं तर तोटा हेड-लायनरच्या कामावर संपत नाही. वळणावर, अंधारात, मागे रिफ्लेक्टर नसलेली ट्रॉली उभी राहते आणि तिच्यात माणसं झोपलेली असतात. मागून भरधाव येणाऱ्या वाहनाला ती दिसत नाही. उसाच्या ट्रॉलीला धडकून झालेल्या अपघातांच्या बातम्या दर हंगामात येतात. रेडिएटरच्या झाकणापासून सुरू झालेली साखळी तिथपर्यंत जाऊ शकते, म्हणून हा विषय मला यंत्रापुरता वाटत नाही. ट्रॉलीच्या मागे, बाजूला रेडियमच्या पट्ट्या आणि चालू असलेले दिवे हे या तयारीतच धरावेत.

उष्णता बाहेर काढण्याइतकंच ती कमी जन्मू देणंही उपयोगी आहे. ट्रॉलीच्या चाकांची बेअरिंगं कोरडी असतील, ब्रेक लागून राहत असेल किंवा टायरमध्ये हवा कमी असेल, तर सपाट रस्त्यावरही ट्रॅक्टर चढ चढत असतो. जॅक लावून प्रत्येक चाक हाताने फिरवून बघावं, ग्रीस भरावं. एअर क्लीनर तेलाचा असेल तर त्यातलं चिखल झालेलं तेल बदलावं. हवा कमी मिळालेलं इंजिन काळा धूर सोडतं आणि त्याच कामाला जास्त तापतं.

हे झालं की मीटर. अर्ध्याअधिक जुन्या ट्रॅक्टरांचा पाण्याचा मीटर बंद असतो. तो चालू केल्याशिवाय बाकी खर्चाला अर्थ नाही, कारण चालकाला कळायला दुसरा मार्ग नाही. चालू मीटरही एका प्रसंगी फसवतो. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. वर चढत असलेला काटा अचानक उतरला आणि त्यामागे काही कारण नसेल, तर ती चांगली बातमी समजू नये. लगेच बाजूला घ्यावं. मग गावाजवळ चढ बघून भरलेल्या ट्रॉलीसह एक फेरी मारावी, तीही दुपारच्या उन्हात. काटा एका जागी स्थिर राहिला तर तयारी झाली. भार नसताना तापत असेल तर पंखा, बेल्ट, थर्मोस्टॅट बघावेत; फक्त भारावर तापत असेल तर रेडिएटर आतून-बाहेरून चोंदल्याचा संशय धरावा.

वाटेत चालकाच्या हातात सर्वांत मोठं साधन गिअर आहे. वरच्या गिअरमध्ये इंजिन घुमत, धपधपत चढवलं की फेऱ्या कमी होतात, आणि पंखा व पंप दोन्ही फेऱ्यांवरच चालत असल्याने हवा आणि पाणी दोन्ही कमी पडतं. चढ सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाकावा, इंजिन मोकळं फिरू द्यावं. पाच मिनिटं उशीर होतो, होऊ द्यावा. घाट चढून गेल्यावर लगेच बंद करू नये. दोन-तीन मिनिटं हळू चालू ठेवलं की हेडमध्ये साठलेली उष्णता निघून जाते.

काटा लालाकडे गेला तर सुरक्षित जागी थांबून, चाकांना दगड लावून, ट्रॉलीतली माणसं रस्त्यापासून लांब उतरवावीत. पाणी उसळत नसेल आणि बेल्ट शाबूत असेल तर भार काढून इंजिन थोडं वाढवून चालू ठेवावं. बेल्ट तुटला असेल किंवा पाणीच संपलं असेल तर तत्काळ बंद. झाकणाला किमान अर्धा तास हात लावू नये. आतलं पाणी शंभराच्या वर असतं, दाब सुटताक्षणी त्याची वाफ होते आणि चेहरा, छाती भाजते. ओलं फडकं टाकून झाकण उघडणाऱ्यांचे हात भाजलेले गॅरेजमध्ये पुष्कळ बघायला मिळतात. वरचा पाइप हाताला सोसेल इतका निवला की मगच, इंजिन चालू ठेवून, पाणी थोडं थोडं घालावं. तापलेल्या बिडावर एकदम गार पाणी पडलं की हेडला तडा जातो. बारीक गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकण्याची चालकांची जुनी युक्ती पुढच्या गावापर्यंत पोचवते, हे खरं आहे. पण ती हळद बारीक नळ्याही बुजवते, म्हणून पोचल्यावर सगळं धुऊन काढावं. सोबत वीस लिटर साधं स्वच्छ पाणी, एक बेल्ट, वरचा-खालचा पाइप, चार क्लिपा आणि पाने असावेत.

या सगळ्या तयारीत एक वेळ हमखास सुटते, ती परतीची. जाताना ऑक्टोबरात दुपारी ३४-३५ अंश असतात, मार्च-एप्रिलमध्ये परतताना ते ४० वर गेलेले असतात. पाणी ९० अंशांवर असेल, तर बाहेर ३० असताना मिळणारा ६० अंशांचा फरक ४० झाल्यावर ५० वर येतो, म्हणजे त्याच रेडिएटरची ताकद सहाव्या हिश्श्याने घटते. त्यात चार-पाच महिन्यांचं पाचट जाळीत भरलेलं असतं, बेल्ट हंगामभर चाललेला असतो, आणि मधल्या काळात कुणीतरी कारखान्याच्या आवारातल्या नळाचं पाणी वरचेवर ओतून कूलंट पातळ केलेलं असतं. शेवटची खेप काट्यावर उतरली की सामान भरण्याआधी एक दिवस ट्रॅक्टरसाठी काढावा. पुढची जाळी काढून रेडिएटर आतून बाहेर धुवावा, बेल्ट बघावा, पातळ झालेलं पाणी काढून पुन्हा ठरलेल्या प्रमाणात कूलंट भरावं, आणि घाट पहाटे किंवा सूर्य कलल्यावर, उजेड असताना, चढेल अशा बेताने निघावं.